मूठभर कोंडा

फोटो समोर आला तसं मोनिकाचं बोट सवयीनं खालचा बाण शोधायला गेलं. बाण दाबला की यादी उघडते, यादीत पाच पर्याय असतात: पीक सुस्थितीत, अंशतः वाळलेले, पूर्ण वाळलेले, उगवण नाही, फोटो अस्पष्ट. पाचातलं एक निवडलं की पुढचा फोटो येतो. बाण सापडेना. फोटोत काचेच्या आड काहीतरी लालसर, सुरकुतलेलं, नळ्यांनी बांधून ठेवलेलं होतं, वर ट्यूबलाइटचा पांढरा डाग पडलेला, आणि तिच्या मनानं तिला न विचारताच ठरवूनही टाकलं होतं, अस्पष्ट. मग तिला वरचं नाव दिसलं. सुदर्शन. कामाच्या पडद्याच्या कोपऱ्यात उघड्या राहिलेल्या व्हॉट्सअ‍ॅपवर धाकट्या भावानं पाठवलेला हा फोटो त्याच्या लेकराचा होता. आज बारा दिवसांचं झालेलं, दीड किलोलाही न पोचलेलं, अजून बिननावाचं लेकरू. मोनिकानं हात माउसवरून उचलून मांडीवर ठेवला. बाहेर ऑगस्टचं ऊन मे महिन्यासारखं गारखेड्याच्या पत्र्यांवर वाजत होतं आणि हात गार होता.

गेलं दीड वर्ष ती हेच करत होती. पीकविम्याचे फोटो तपासायचं कंत्राट घेतलेली एक कंपनी होती, तिचं काम घरी बसून, दिवसाला चारशे फोटो. यंदा पेरणीपुरता पाऊस पडला आणि मग आभाळानं पाठ फिरवली ती फिरवलीच. पंचवीस दिवस झाले. तालुक्या-तालुक्यातून फोटो येत होते. कुणाचा अंगठा मधे आलेला, कुणाची उभी सावली रोपांवर पडलेली, एखादी बाई कपाशीचं झाड मानेला धरून लेकरासारखं कॅमेऱ्यापुढं धरलेली. सकाळी दहापर्यंत मोनिका बघायची. पान बघायची, ढेकळं बघायची, त्या बाईच्या हातातल्या बांगड्या बघायची, मग ठरवायची. अकरानंतर अंशतः आणि पूर्ण यांच्यातली रेघ पुसट व्हायची. किती पानं वाळली म्हणजे पूर्ण? आणि दुपार झाली की डोक्यातले दाणे संपून नुसतं जातं फिरत राहावं, दगडावर दगड, तसं व्हायचं. त्या वेळी एकच पर्याय असा होता की ज्यात काही ठरवावं लागत नाही. फोटो अस्पष्ट. आज सकाळपासून तिनं साठेक फोटो अस्पष्ट केले असतील. त्यातले किती खरोखर अस्पष्ट होते हे तिला विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. कुणी विचारणार नव्हतं, हे त्याहून वाईट.

फोन वाजला. सुदर्शनच होता.

"ताई, फोटो पाहिला का?"

"पाहिला."

"इन्फेक्शन वाढलंय. डॉक्टर म्हणले, चोवीस तास काही सांगता येत नाही." तो थांबला. मागं लिफ्टची घंटी वाजली. "आज बारावा आहे. सिस्टर म्हणती, नाव ठेवलं का नाही अजून, नावानं हाक मारत जा, ऐकत असतंय ते. चारला आत सोडतात, एकालाच. मी सांगून ठेवलंय, आत्याला सोडा म्हणून. तू ये. नाव घेऊन ये."

"कुठलं?"

"आता कुठलं म्हणजे? तुझा मान आहे तो. बारा दिवस झाले ना ताई."

"मुक्ता काय म्हणती?"

"काहीच म्हणत नाही. बाकड्यावर बसलीय. एवढंच म्हणली, ताईला म्हणावं, चांगलं नाव आणा."

चांगलं नाव आणा. जशी काही मोनिका बाजारात निघाली होती आणि कुणी मागून सांगितलं होतं, येताना चांगली मेथी आणा. तिनं घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं. फोन खाली ठेवला आणि लगेच उचलला, कारण नाव फोनमध्येच होतं. फोनमध्ये चार हजारांवर नावं होती.

बारा दिवसांपूर्वी तिनं ते अ‍ॅप पुन्हा उतरवून घेतलं होतं. आधी अक्षर निवडा. मग रास, मग अंक, मग दोन अक्षरी का तीन, जुनं का नवं का दुर्मीळ. मग एकेक नाव चिठ्ठीसारखं वर यायचं, त्याखाली त्याचा अर्थ, आणि उजवीकडं सारलं की आवडलं, डावीकडं सारलं की नको. आवडलेल्या नावापुढं लाल हृदय उमटायचं. पहिल्या दिवशी तिनं पाच हृदयं जमवली. दुसऱ्या दिवशी अठरा. प्रत्येक नावाच्या तळाशी बारीक अक्षरांत यायचं, तुम्हाला हेही आवडेल, आणि आवडायचंही. पहाटेचा पहिला किरण. समुद्रावरची वाट. ज्याला अंत नाही तो. ती वाचायची आणि तिला वाटायचं, हे नाव सोडलं आणि उद्या लेकराला काही झालं तर? आता दोनशे बारा हृदयं झाली होती. सारायला बोट हलायचं, पण ते बोट तिचं राहिलं नव्हतं. लग्नाच्या वेळीही असंच झालं होतं. आठ वर्षं तिनं त्या स्थळांच्या साइटवर गाळण्या लावल्या, उंची, शिक्षण, शेत किती, नोकरी कुठं, आणि प्रत्येक चांगल्या माणसाच्या मागं आणखी एक जरा बरा माणूस उभा दिसायचा. मग एक दिवस साइटनंच कळवलं, तुमच्या निकषांत बसणारी स्थळं आता उपलब्ध नाहीत. तेव्हा ती सदतिसाची होती. तिला वाईटही वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची तिला अजून भीती वाटत होती.

हातात फोन धरला असतानाच वरून एक पट्टी सरकत आली. अपार्टमेंटच्या ग्रुपवर मतदान: आज टँकर बोलवायचा का? हो. नाही. उद्या. सगळ्यांचं बघून. नळाला पाणी येऊन आज नववा दिवस होता. तिच्यामागोमाग घरच्या ग्रुपवर चुलतभावानं टाकलेलं दुसरं मतदान: आपल्या बाळाचं नाव निवडा. बारा नावं, प्रत्येकापुढं हिरवी रेघ वाढतेय, कमी होतेय. शार्दूलला नऊ मतं, रुद्रांशला अकरा. खाली कुणीतरी हसरे चेहरे टाकले होते. त्यांना इन्फेक्शनचं माहीत नसणार. मतदान चार वाजता बंद.

याआधीही एकदा तिनं नाव आणलं होतं. दोन वर्षांपूर्वी. भावजयीचं, मुक्ताचं, पहिलं पोटातच गेलं होतं, हे दुसरं. चांगलं नऊ महिन्यांचं, हातात मावणार नाही असं. तेव्हाही अकरा दिवस मोनिका नावं सारत बसली, आणि बाराव्या दिवशी पाळणा सजला, बाया जमल्या, गुळ-खोबरं वाटून झालं, तरी दोन नावांतलं एक ठरेना. एक होतं ईशान. दुसरं अव्यान, अर्थ दोषरहित. तिनं पाळण्याशी वाकता वाकता ओटीत धरलेल्या फोनकडं पाहिलं आणि जे वर होतं ते लेकराच्या कानात सांगितलं. वर होतं म्हणून. एवढंच कारण. बायांनी तिच्या पाठीत बुक्क्या मारल्या, ती हसली, मुक्ता हसली. एकोणीस दिवसांनी त्या दोषरहित लेकराच्या काळजाला भोक निघालं आणि त्याला पुण्याला नेता नेता नगरच्या पुढं ते गाडीतच गेलं. कुणी काही बोललं नाही. मुक्ता तर नाहीच. फक्त मुक्ताची मावशी आवडाबाई चौदाव्याला पाटावर बसता बसता म्हणाली होती, नाव लागलं नाही बाई लेकराला. ती सहज म्हणाली, चप्पल बसली नाही म्हणावं तशी. मोनिका तेव्हा वाढत होती. तिच्या हातातली वरणाची पळी क्षणभर हवेत थांबली आणि मग वरण पानात पडलं. त्या दिवसापासून तिच्या मनात एक ईशान वाढत होता. आता तो दोन वर्षांचा झाला होता. चालत होता. कधी कधी तो अंशतः वाळलेल्या कपाशीच्या ओळींतून फोटोच्या कडेला जाताना तिला दिसायचा.

"मोने," आतून आईनं हाक मारली, "जेवून घे. भाकर खाती का पोळी?"

मोनिकानं आणखी एक नाव डावीकडं सारलं.

"आगं भाकर का पोळी?"

"आई, तू ठरव! तू ठरव काही पण! मला नको विचारू!"

तिचा आवाज भिंतीला लागून परत आला आणि तो ऐकून तीच दचकली. स्वयंपाकघरात चाळण थांबली. मग चाळणीचा आवाज पुन्हा सुरू झाला, आई दोन्ही तळव्यांत चाळण धरून हलवायची तो, लयीचा, जुना.

"चिडती कामून बाई," मनकर्णाबाई आपल्याशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "भाकर करते."

ती दारात येऊन उभी राहिली. बिडकीनच्या अलीकडचं त्यांचं शेत कारखान्यांच्या पट्ट्यात गेलं, मोनिकाचा बाप गेला, त्यानंतर आई इथं तिसऱ्या मजल्यावर आली होती आणि येताना चाळण, सूप आणि एक लोखंडी खल घेऊन आली होती. पाकिटातलं पीठही ती चाळून घ्यायची. मोनिका म्हणायची, आई त्याला चाळावं लागत नाही. आई म्हणायची, आपल्याला चाळावं लागतं ना.

"सुदर्शनचा फोन होता?"

"हं."

"लई झालंय का लेकराला?"

"चोवीस तास म्हणतात."

मनकर्णाबाई खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. मोनिकाच्या हातातल्या फोनकडं बघत राहिली. त्यावर एक नाव येऊन थांबलं होतं, सारायची वाट बघत.

"काय अर्थ त्याचा?"

"ज्याला कुणी हरवू शकत नाही."

"आन् हरवायला आलंच कुणी तर?" आई म्हणाली. "त्येला वाटायचं ना, बघू तरी एकदा."

मोनिकाला एकदम हसू आलं. आई तिच्याकडं न बघता बोलत होती. चाळणीतल्या लयीवर बोलावं तसं, सांगायचं म्हणून नाही, आठवलं म्हणून.

"तुझ्या बापाआधी चार गेली. माझी सासू सांगायची. चारी पोरांची नावं राजावानी. पाचवा झाला तव्हा तिनं त्येच्या तोंडाकडं पाह्यलंच नाय. सुपात घातला, उकिरड्यावर ठिवला आन् मागं न बघता घरात गेली. नणंद आधीच उभी होती तिथं. तिनं उचलला. दारात आली, म्हणली, बाई, एक पोरगं सापडलं उकिरड्यावर, कडू हाये, कुणाला नको, घेती का? सासूनं मूठभर कोंडा दिला आन् घेतला. म्हणून कडूबा. आत्यानं ठिवलेलं नाव. तुझा बाप कडू म्हणून वाचला. थुकून दिला त्येला मरणानं."

"आई."

"एकाहत्तर वर्सं जगला."

"आई, आजकाल असलं नाव? शाळेत पोरं हसतील त्याला."

"शाळेत जाऊ तर दे."

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. मतदान हो झालं असावं. तिच्या स्वतःच्या नावाची गोष्ट तिला आठवली. तिचा जन्म झाला तेव्हा पैठणच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं विचारलं होतं, काय नाव लिहू? आई म्हणाली होती, तुमचं काय? नर्सबाई म्हणाली, मोनिका. आई म्हणाली, मग तेच लिहा. एका श्वासात. तेवढंच. लहानपणी मोनिकाला याचा राग यायचा, आपल्याला कुणी निवडलंच नाही म्हणून. आता त्या श्वासाचा तिला हेवा वाटला. असा एक श्वास कुठं मिळतो? कुठल्या यादीत असतो?

आईनं चाळणीत उरलेला कोंडा तळव्यावर घेतला, फुंकर घालून बारीक पीठ उडवलं आणि सुदर्शनच्या जुन्या रुमालाच्या टोकात बांधून गाठ मारली. ओठ हलत होते. जुन्या दळणाचं काहीतरी होतं, अर्धं गिळलेलं:

सरलं दळण, सुपात राहिला कोंडा
त्याच्या आडोशाला निजं माझा गोंडा.

"हे ने," ती म्हणाली. "लागलंच तर. नाय लागलं तर फेकून दे. मी म्हणत नाय ठिवच म्हणून. मान तुझा हाये."

तेच तर. मान तिचा होता. आईनंही आणखी एक नाव तिच्यापुढं ठेवलं होतं, दोनशे तेरावं, आणि हात काढून घेतला होता.

सुट्टीच्या अर्जात तिची वीस मिनिटं गेली. अर्ध्या दिवसाची का तासांची. कारण निवडा: वैयक्तिक, वैद्यकीय स्वतःसाठी, वैद्यकीय अवलंबितासाठी, शोक, इतर. भाऊ, भावाचं लेकरू, अवलंबित का? ती शोकवर थांबली. बोट तिथं होतं, हललं नाही, कारण दाबलं असतं तर झालं असतं, तीच एक गोष्ट अशी होती की जी निवडली की पुढचं काही विचारत नाहीत. तिनं इतर दाबलं. इतरमध्ये पुन्हा यादी उघडली. तिनं लॅपटॉप तसाच मिटला. मग गाडीचं अ‍ॅप. बाइक, रिक्षा, छोटी गाडी, वाटून. जिथं आहात ते शहर निवडा. यादीत शहर दोनदा होतं, एकदा जुन्या नावानं आणि एकदा नव्या नावानं, आणि ती दोन्हींकडं बघत राहिली, जणू चुकीचं निवडलं तर गाडी वेगळ्याच शहरात येऊन तिची वाट बघत उभी राहील. तीन वाजून दहा मिनिटं. तिनं रुमाल मुठीत घेतला आणि जिन्यानं खाली धावली.

सूतगिरणी चौकात तिनं हात दाखवला तो रिक्षावाला म्हातारा होता, दाढी मेंदीनं तांबडी.

"किधर जाना बाजी?"

तिनं दवाखान्याचं नाव सांगितलं.

"गजानन मंदिरपे से लेऊं के इधर अंदरसे? उधर टँकरां खडेच हैं, इधर खोदके रख्के हैं."

मोनिकानं एका रस्त्याकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं. दोनच तर रस्ते होते. दोन. तिचे डोळे भरून आले. म्हाताऱ्यानं आरशात बघितलं, बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि गियर टाकला.

"रोओ नक्को बाजी. मैं लेके जाता ना. तुमे खाली बैठो."

तुमे खाली बैठो. नुसतं बसा. इतकं साधं वाक्य तिला किती दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. ती मागं टेकली. पुंडलिकनगरचे निळे ड्रम रांगेनं उभे होते, बायका त्यांना टेकून सावल्यांत बसल्या होत्या, नव्या इमारतींच्या अंगावर हिरवी जाळी आणि त्यावर मोठमोठे फलक: दोन खोल्या, अडीच खोल्या, तीन खोल्या, आजच निवडा. तिनं फोन काढला. चाळीसेक मिनिटं होती. ठरवायचंच. दोनशे बारातले पन्नास काढून टाकू म्हणून ती सारायला लागली आणि प्रत्येक नको म्हटलेल्या नावाबरोबर तिला वाटायला लागलं की ती एकेका लेकराला गाडीतून खाली ठेवतेय. हे नको. हेही नको. समुद्रावरची वाट, नको. पहाटेचा पहिला किरण, नको. अव्यान यादीत नव्हतं, ते तिनं कधीच काढून टाकलं होतं. पण ईशान होतं. हृदयासकट. तिनं कधी लावलं ते तिला आठवेना. ते नाव आता मेलेल्या लेकराचं न ठेवलेलं नाव होतं, त्याचं द्यायचं राहून गेलेलं काहीतरी, ते ह्याला कसं द्यायचं? आणि तेच बरोबर असलं तर? त्या वेळी चुकलं ते आता दुरुस्त करायची हीच वेळ असली तर? फोनवर घाम पडला, पडद्यावर नावं आपोआप सरकायला लागली, उजवीकडं, डावीकडं, आवडलं, नको, नको, आवडलं, आणि तिला ते थांबवता येईना. सेव्हन हिलच्या पुलाखाली सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा सगळा गोंगाट एका क्षणासाठी बसला आणि तिच्या कानात आईचा आवाज आला, कुठल्यातरी फार मागच्या पहाटेचा, जात्याच्या घरघरीतून येणारा:

नाव घेऊ नको, नावाला लागती दीठ
बाळ झाकिते गं, जसं डब्यामंदी पीठ.

ती मुठीतल्या गाठीवरून अंगठा फिरवत राहिली. कोंडा रुमालाच्या आत हलला, फार हलका, आत काहीच नसल्यासारखा.

दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर बाकड्यावर मुक्ता बसली होती. टाके अजून ओले म्हणून जराशी तिरकी. तिनं मोनिकाला पाहिलं आणि नुसती सरकली, बसायला जागा केली. केसांना दोन दिवस फणी लागली नसावी. सुदर्शन उभा होता, बिडकीनच्या कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात.

"ठरलं का?" त्यानं विचारलं.

"हं," मोनिका म्हणाली. खोटं.

दार उघडलं. हिरव्या टोपीतली सिस्टर म्हणाली, "बेबी ऑफ मुक्ता, आत्या कोण? चला. दोन मिनिटं. फोन इथं ट्रेमध्ये ठेवा."

"फोन?"

"आत चालत नाही."

"त्यात... मला जरा बघायचं होतं."

"बाई, वेळ आहे का आपल्याला?" सिस्टर रागावून म्हणाली नव्हती. खरोखर विचारत होती.

मोनिकानं फोन स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला. दोनशे बारा हृदयं ट्रेमध्ये राहिली. तिनं रुमालाची गाठ कमरेला खोचली, कोपरापर्यंत हात धुतले, गाउन घातला, आणि आत गेली तेव्हा तिच्या डोक्यात एकही नाव नव्हतं. रिकामं नव्हतं ते; गर्दी इतकी होती की दारातून कुणालाच बाहेर येता येत नव्हतं. खोलीत सहा काचेच्या पेट्या होत्या आणि प्रत्येकीवर एक पडदा, त्यावर हिरव्या रेघा. फोटोत होती ती पेटी खिडकीजवळची होती. अस्पष्ट नव्हतं काही. सगळं स्पष्ट होतं. पापण्यांवरची निळी शीर, सुयांना चिकटपट्टी लावून लावून सोललेला हात, फासळ्यांखाली दर श्वासाला पडणारा खड्डा, आणि कपाळावर बापासारखी, तिच्या बापासारखी, मधोमध एक आठी. इतक्या लहान माणसाला कसली आठी पडावी? तिनं सकाळपासून इतकं नीट काहीच पाहिलं नव्हतं. त्या साठ फोटोंतही हे असंच काहीतरी असेल, कुणीतरी मानेला धरून वर उचललेलं, बघा म्हणून. ती न बघता पुढं गेली होती.

सिस्टरनं पेटीची गोल खिडकी उघडली. गरम वाफारा आला. "बोला. ऐकतंय."

मोनिका वाकली. गेल्या वेळी वाकली होती तशीच. कानात सांगायचं, पण कान इतका छोटा की त्यात मोठा अर्थ मावलाच नसता. ज्याला कुणी हरवू शकत नाही. ज्याला अंत नाही. तिनं ते सगळे अर्थ त्या कानाशी नेऊन पाहिले आणि प्रत्येक अर्थ त्या फासळ्यांवर एक वजन ठेवत होता. लेकराची मूठ घट्ट मिटलेली होती. पडद्यावरची रेघ खाली गेली, कुठंतरी टिक् टिक् वाढलं, सिस्टरनं मान वळवली, आणि मोनिकाच्या तोंडून ते निघून गेलं. निवडलं नाही तिनं. निवडायला कुणी उरलंच नव्हतं.

"कडू," ती म्हणाली. "ए कडू. ऐकलं का? नको आहेस तू कुणाला. कडू आहेस. थू."

सिस्टरनं तिच्याकडं पाहिलं. मग खिशातला पेन काढून पेटीवरच्या पट्टीवर बेबी ऑफ मुक्ताच्या खाली लिहिलं.

बाहेर आल्यावर सुदर्शन पुढं झाला. "काय ठेवलंस?"

"कडू."

"काय?"

"कडू."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा लाल झाला. "ताई, बारा दिवस! बारा दिवस लावले अन् कडू? आईनं सांगितलं ना हे? कंपनीत लोक विचारतात मला, काय ठेवलं, काय ठेवलं... इथं दिवसाला किती औषधं चाललीत, मशिनी चालल्यात, अन् तू..." तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याच्या खांद्यांकडं बघवत नव्हतं.

मोनिका मुक्तासमोर जमिनीवर बसली. गाठ तिनं कमरेतून काढली. हे कसं म्हणायचं ते तिला आईनं शिकवलं नव्हतं, नुसतं ऐकवलं होतं.

"मुक्ता," ती म्हणाली, "आत एक पोरगं सापडलं मला. उकिरड्यावर. कुणाचं आहे माहीत नाही. कडू आहे लई. कुणी घेईना. तू घेतीस का?"

मुक्ता बघत राहिली. लिफ्टची घंटी वाजली, कुणी उतरलं, कुणी गेलं. मोनिकाला वाटलं, आता ही म्हणेल, मी चांगलं नाव आणा म्हटलं होतं. म्हणायचा हक्क होता तिचा. दोन वर्षं तिनं जे म्हटलं नव्हतं ते सगळंच आता म्हणायचा.

"माझ्या एका मामाचं नाव सांडू आहे," मुक्ता हळू म्हणाली. "त्याला बी आसंच घेतलं होतं." मग ती थांबली. ओठ कोरडे होते, ते तिनं जिभेनं ओले केले. "काय घ्याल त्याचं?"

"मूठभर कोंडा."

मुक्तानं रुमाल तिच्या हातातून घेतला. गाठ सुटेना, तिनं दातांनी सोडवली. कोंडा आपल्या तळव्यावर ओतला, एक कणही बाकड्यावर पडू दिला नाही, आणि मोनिकाच्या ओंजळीत रिकामा केला.

"घ्या ताई," ती म्हणाली. "द्या माझं पोरगं."

आणि तिचा चेहरा एकदम फाटला. बारा दिवसांत ती पहिल्यांदा रडली. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. सुदर्शन वळला. त्याला काय झालं ते कळलं नाही, तो फक्त तिच्याशेजारी येऊन बसला.

मोनिका मूठ मिटून उभी राहिली. कोंड्याचं आता काय करायचं? आईनं सांगितलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं. उकिरड्यावर टाकायचा असेल. कॉरिडॉरच्या टोकाला चार डबे होते, पिवळा, लाल, निळा, पांढरा, प्रत्येकावर काय टाकायचं त्याची यादी. ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. सुया इथं. काच इथं. रक्त लागलेलं इथं. लेकराचं मोल कुठं टाकायचं ते कुठल्याच यादीत नव्हतं. ट्रेमध्ये फोन गुरगुरला, एकदा, पुन्हा. चार वाजून गेले, मतदान संपलं असेल, रुद्रांश जिंकला असेल. तिनं तिकडं पाहिलं नाही. डब्यांकडंही पाहणं सोडलं. मूठ आणखी आवळली. कोंडा घामानं ओला होऊन तळव्याच्या रेघांत बसायला लागला होता. उघडायची नाही, एवढंच. उभं राहायचं आणि उघडायची नाही.

आत टिक् टिक् जोरात वाजायला लागलं. पावलं धावली. काचेच्या दाराआड हिरव्या टोप्या एका पेटीभोवती गोळा झाल्या. कुठल्या पेटीभोवती ते इथून दिसत नव्हतं. मुक्तानं सुदर्शनची बाही धरली. किती वेळ गेला ते कुणी मोजलं नाही. मग दार ढकललं गेलं आणि सिस्टरनं अर्धं अंग बाहेर काढून, कुणाकडंच न बघता, हाक मारली.

"कडूचं कोण आहे?"

सगळ्यांत आधी सुदर्शन उठला.

"आम्ही," तो म्हणाला. "कडूचे आम्ही."